सकाळी पाच ते सहाचा कोरा रकाना

कंपवात झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि हात किती हलतो. मला असा कोणी भेटला तर मी तिसरंच विचारतो. तुमच्या आजाराची वही घरात कोण लिहितं, आणि त्या माणसाला तुम्ही खरं लिहू देता का? समोरचा बुचकळ्यात पडतो. आंधळगावचा हा विणकर साठीतच चळला की काय, असंही काहींना वाटत असेल. वाटू दे. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. माझ्या हातून जे झालं ते त्यांच्या हातून होऊ नये, एवढंच.

गुंडी

सुरुवात शर्टाच्या गुंडीपासून झाली. उजव्या हाताने ती काजात जाईना. मग त्याच हाताचा अंगठा आणि पहिलं बोट रिकामपणी एकमेकांवर फिरू लागले. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा तुटल्यावर आपण चिमटीत वळून जोडतो ना, तसे. फक्त चिमटीत धागा नसायचा.

माझी बायको सुलोचना चरख्यावर बसल्या बसल्या बघायची. एकदा म्हणाली, "अजी, हातात काई नाई, अन् वळून काय राहिले?"

"सवय हाय," मी म्हणालो.

माझी फसगत होण्याचं एक कारणही होतं. मागावर बसलं की हात अजिबात थरथरायचा नाही. आमचा खड्ड्यातला हातमाग. पाय खाली दाबायच्या पावड्यांवर, उजव्या हातात धोट्याची दोरी, डाव्या हाताने धागा घट्ट बसवायला फणी ओढायची. दोरीला हिसका दिला की आडवा धागा घेऊन धोटा पळायचा, आणि हात एकदम शहाण्यासारखा वागायचा. काम बंद केलं की पुन्हा सुरू. मी मनाशी पक्कं केलं की ज्या हाताला कामात काही होत नाही त्याला आजार कसला? यात वर्ष घालवलं. पुढच्या चुकांच्या मानाने ही चूक लहानच म्हणायची.

आमच्या घरात कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली. मी माग चालवायचा, सुलोचनाने चरख्यावर कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसणारी धाग्याची बारकी नळी. ती संपली की दुसरी हवी, नाहीतर धोटा नुसताच इकडून तिकडे पळणार. तीस वर्षं मी मागे न बघता हात मागे करायचो आणि भरलेली कांडी हातात पडायची.

मुंगीएवढं गाव

नागपूरच्या डॉक्टरांनी मला बोटं उघडझाप करायला लावली, व्हरांड्यात चालवलं, वळवलं. मग कोरा कागद दिला आणि म्हणाले, एक वाक्य लिहा. मी लिहिलं, माझे गाव आंधळगाव आहे. 'माझे' चांगलं ठसठशीत आलं. 'आहे' मुंगीएवढं.

"अक्षर असं बारीक कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

सुलोचना म्हणाली, "सालभर झाला जी. यांनं लिहिलेली किराण्याची यादी मले वाचता येत नाई, अन् दुकानदारालेही येत नाई."

डॉक्टर हसले, आणि मग हसू आवरून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. यानं माणूस मरत नाही म्हणाले, पण हा जातही नाही. गोळ्यांवर आटोक्यात राहतो. "एक अट आहे. खड्ड्यातला माग सध्या बंद. उतरता-चढता पाय अडकला तर पडाल. औषध नीट बसलं की बघू."

मी मान हलवली. खरं सांगतो, आजाराचं नाव ऐकून मी घाबरलो नव्हतो. घाबरलो ते 'माग बंद' ऐकून. कोशाचं सूत देणारा व्यापारी हात बघून सूत देतो. थरथरता हात एकदा त्याच्या कानावर गेला की संपलंच. आणि व्यापारी तरी निमित्तच. मागाशिवाय मी दिवसभर कोण असणार होतो, हे मला माहीत नव्हतं. या एका भीतीपायी पुढचं सगळं घडलं.

गोळ्यांनी गुण मात्र आला. चौथ्या की पाचव्या दिवशी मी सगळ्या गुंड्या स्वतः लावून बाहेर आलो. सुलोचनाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आता पावडर बी लावून घ्या, नवरदेव." ते दिवस बरे होते.

सकाळ

या आजारात सकाळ वाईट असते, हे नव्या लोकांनी आधीच ओळखून ठेवावं. झोपेत गोळीचा अंमल उतरतो आणि जाग येते ती लाकडाच्या अंगात. कूस बदलायला जमत नाही. नाकावर माशी बसली तर बसून राहते.

सुलोचना पाचला उठायची. मला पाण्याबरोबर गोळी द्यायची, आणि गोळी लागू होईस्तोवर तिळाचं तेल कोमट करून माझा उजवा हात मांडीवर घ्यायची. एकेक बोट मोकळं करायची. मनगट फिरवायची, कोपर मुडपायची, सरळ करायची, पुन्हा मुडपायची. मग खांदा. तासभर. सहाच्या सुमारास मी तिच्या आधाराने उठून न्हाणीकडे जायचो. त्यानंतर ती चूल, झाडलोट, पाणी, या आपल्या कामांना लागायची. मी तिला कधी विचारलं नाही की तुझा हात दुखतो का.

वेळ न सांगणारं घड्याळ

सहा महिन्यांनी दवाखान्यात रेवती मॅडम भेटल्या. त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या आणि डॉक्टरांबरोबर काम करायच्या. त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर काळा पट्टा बांधला. घड्याळासारखाच, पण त्यावर ना काटे ना आकडे. आत एक बारीकसा भाग असतो, त्याला हात कोणत्या बाजूला किती वेगाने हलला ते कळतं, असं त्या म्हणाल्या. तसलाच भाग मोबाईलमध्येही असतो, म्हणून मोबाईल पँटच्या खिशात ठेवायचा. त्या हालचालींवरून संगणक ओळखतो की माणूस चालतोय, बसलाय, जेवतोय की झोपलाय, आणि हात कधी मोकळा आहे, कधी जखडलेला.

"आठवडाभर काढायचा नाही. रोज करता तेच करा," मॅडम म्हणाल्या. "आणि ही वही. तासातासाला काय केलं ते लिहा. संगणकाला जे ओळखू येत नाही ते आम्हाला वहीवरून कळतं."

माझं अक्षर मुंगीएवढं, म्हणून वही सुलोचनाकडे आली.

गावात त्या पट्ट्याची मजाच झाली. पानठेल्यावर लोक विचारायचे, "किती वाजले गा?" मी मनगट पुढे करायचो. "याले सगळं समजते, फक्त वेळ समजत नाई." मी हसत होतो, पण डोक्यात वेगळंच शिजत होतं. पट्ट्याने हात चांगला दाखवला तर डॉक्टर माग सुरू करायला सांगतील. आणि माझा हात चांगला कुठे असतो? मागावर.

पहिल्याच दिवशी नऊला मी खड्ड्यात उतरलो.

"त्या हाताले ते यंत्र बांधलं हाय, अन् तुम्ही मागावर बसून राहिले?" सुलोचना दारातच थबकली. "डॉक्टरले कबूल केलं होतं ना?"

"यंत्राले का डोळे हायेत?"

ती चुलीकडे वळली. मी हात मागे केला तेव्हा त्यात कांडी पडली नाही. त्या दिवशी मला जुन्या कांड्यांवर भागवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी जरा गयावया केली तेव्हा चरखा फिरला.

संध्याकाळी ती वही घेऊन बसली. नऊ ते अकराच्या रकान्यात 'माग' लिहिणार, तेवढ्यात मी म्हणालो, "चालणं लिही."

"खोटं?"

"पाय तर हलतच होते."

तिने लिहिलं. मग ती वरच्या रकान्यावर आली. पाच ते सहा. ती म्हणाली, "इथं लिहितो, हाताले तेल लावून हात हलवला."

"ते कायले लिहितेस? मी काय केलं ते लिहायचं हाय. ते तर तुझं काम हाय."

तिने पेन वर उचललं. मग तो रकाना कोरा ठेवून पुढे गेली. सातही दिवस तो कोराच राहिला.

तिले काही समजत नाई

पुढच्या फेरीला डॉक्टरांच्या टेबलावर माझ्या आठवड्याचा छापील कागद होता. डॉक्टर खूश दिसले. "रोज दोन तास चालता? छान." मागाला यंत्राने चालणंच म्हटलं होतं. हाताची दोरी, पायाच्या पावड्या, सगळं एका लयीत, त्याला फरक कळला नाही. वहीनेही तीच साक्ष दिली.

मग ते म्हणाले, "आणि सकाळ तर फारच चांगली. गोळी लागू व्हायच्या आधीच हात मोकळा दिसतोय." पहाटेच्या गोळीने मला मळमळायचं, ही माझी तक्रार होती. ते म्हणाले, मग ती गोळी अर्धी करू आणि आठला नाश्त्यानंतर घ्या.

सुलोचना खुर्चीत पुढे सरकली. "नाई जी डॉक्टरसाहेब. सकाळी यांचा हात आखडूनच राहते. मी रोज..."

"थांब व." मी तिला मध्येच तोडलं. मागाची गोष्ट तिच्या तोंडून निघेल, ही भीती होती. "हे यंत्र का खोटं बोलून राहिलं? साहेब, तिले यातलं काही समजत नाई. ती उगाच घाबरते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने पदर नीट केला आणि मान खाली घातली. त्यांनी वही उघडून पाच ते सहाचा रकाना बघितला. तो कोरा होता. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली.

माझ्या आयुष्यातलं एकच वाक्य परत घेता येणार असेल तर मी हे घेईन. बाकीची ठेवा.

परतताना भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलली. कंडक्टर आला तसा मी सवयीने तिच्याकडे बघितलं, कारण पैशाचं पाकीट तिच्या पिशवीत असायचं. तिने पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. "तुम्हीच काढा तिकीट. मले काही समजत नाई." आंधळगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

न्हाणीचा उंबरा

नव्या चिठ्ठीला पंधरवडा झाला असेल. पहाटे तिने नेहमीसारखा तासभर हात हलवला. पण आता पोटात गोळी नव्हती. मला न्हाणीत जायची घाई होती. तिने काखेत हात घालून उठवलं, आणि आम्ही अंगण ओलांडलं. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी माझे पाय जमिनीला चिकटले. या आजारात असं होतं. पाय पुढे टाक म्हणून मन सांगतं, पाय ऐकत नाहीत, आणि धड मात्र पुढे जातं.

मी पडलो. ती मला धरून होती, म्हणून आधी ती पडली. तिचा उजवा हात फरशीवर टेकला आणि त्यावर आम्हा दोघांचा भार आला. आवाज मला ऐकू आला.

पुढचं लिहायला लाज वाटते. मी तिच्या अंगावर पडलो होतो आणि मला उठता येत नव्हतं. कूसही बदलता येत नव्हती. ती माझ्याखाली कण्हत होती आणि मधेच विचारत होती, "तुम्हाले लागलं का जी?" शेजारची माणसं भिंतीवरून आली, त्यांनी मला उचलून बाजूला केलं, तेव्हा ती मोकळी झाली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनगटात तारा घालाव्या लागल्या. मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसायचो. सिस्टर यायची ती आधी मलाच विचारायची, "गोळी घेतली का काका?" पेशंट कोण, हेच तिला कळायचं नाही. सकाळी चहा, मग साफसफाई, मग डॉक्टरांची फेरी. चहाचा कप मला धरता यायचा नाही, आणि सुलोचनाच्या डाव्या हाताला सलाईन, तिला उचलता यायचा नाही. एकदा दोघांच्या मध्ये दोन कप निवत पडले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू, करडी गावची म्हातारी, उठून आली. तिने आधी सुलोचनाला पाजला, मग मला. मग माझ्या शर्टाकडे बघून म्हणाली, "इकडे या भाऊ." आणि उघड्या राहिलेल्या दोन गुंड्या लावून दिल्या. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

तुमसरला दिलेली आमची मुलगी वैशाली धावत आली. तिने दोघांना सांभाळलं, पण माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. प्लास्टर बघून तिने एवढंच विचारलं, "पहाटची गोळी बंद करा म्हणून कोणं सांगितलं होतं?"

"यंत्रात सकाळ चांगली दिसली," मी म्हणालो.

"अन् आई काय म्हणत होती?"



सगळ्यात चांगला तास

दोन महिन्यांनी वैशाली मला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी पहाटेची गोळी पुन्हा सुरू केली आणि मला रेवती मॅडमकडे पाठवलं. पडलो कसा, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी पडद्यावर माझा जुना आठवडा लावला. दिवसभर खालीवर जाणारी रेघ. एका जागी त्यांनी बोट ठेवलं.

"काका, हे बघा. पाच ते सहा. पूर्ण आठवड्यात तुमचा हात या तासाला सगळ्यात चांगला चालला आहे. एकसारखा, सावकाश, थरथर नाही. सातही दिवस. असा हात असलेला माणूस सहा वाजता जागच्या जागी कसा जखडला, हेच मला कळत नाही. वहीतही काही नाही. तुम्ही करत काय होता त्या वेळी?"

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. बोटं, मनगट, कोपर, खांदा. ओळखीचाच क्रम होता. कित्येक महिने रोज अंगावरून गेलेला.

"तो माझा हात नाई," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"हात माझा. पण हलवून माझी बायको राहिली होती."

मॅडमनी पडद्यावरचं बोट काढलं. मग हळूच म्हणाल्या, "हात हलला एवढंच यंत्राला कळतं, काका. कोणी हलवला ते त्याला नाही कळत. वहीत असतं तर आम्हाला कळलं असतं."

मग मी मागाचंही सांगितलं. रडू आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही. वैशाली शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने मला रुमाल दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आज ती माझ्याशी बोलते. पूर्वीसारखी नाही, पण बोलते.

घरी येऊन मी सुलोचनासमोर बसलो. डॉक्टरांसमोर तुला खोटं पाडलं ते चुकलं, असं म्हणालो. असलं बोलायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे ती अवघडली. प्लास्टर काढलेला हात तिने मांडीवर ठेवला होता. बोटं अर्धीच मिटत होती.

"मी सांगू शकत होतो ना," ती म्हणाली. "रकाना कोरा मीच ठेवला."

"मी सांगितलं म्हणून ठेवला."

"हो. ते तुझं काम हाय म्हणाले तुम्ही, म्हणूनच ठेवला."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

तिचं मनगट पूर्ण वळत नाही, आता वळणारही नाही. चरख्याची मूठ तिला फिरवता येत नाही. कांडी भरणारं कोणी नाही म्हणून माग बंद आहे. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, औषध छान बसलं आहे, आता कोणी सोबत असेल तर थोडा वेळ मागावर बसायला हरकत नाही. मी बरं म्हणालो. ज्या मागासाठी मी एवढं खोटं बोललो तो माझ्या हातामुळे नाही, तिच्या हातामुळे थांबला. अर्धं विणलेलं कापड अजून फणीला तसंच आहे.

गेल्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा पट्टा बांधला आणि नवी वही दिली. मी ती सवयीने सुलोचनापुढे धरली. तिने तिचा हात वर करून दाखवला. पेन धरणाराही तोच हात.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "मले कुठं काही समजते." या वेळी ती थोडं हसली.

आता पहाटे पाचला मी गोळी घेतो. ती डाव्या हाताने माझी बोटं मोकळी करते, जमेल तेवढी. गोळी लागू झाली की मी तेलाची वाटी घेतो आणि तिचं मनगट माझ्या मांडीवर घेऊन फिरवतो. माझा हात थरथरतो, तिला दुखतं, ती मुकाट्याने सोसते. मग आम्ही चहा ठेवतो.

वहीतला तो रकाना मी पहिल्या दिवशी सगळ्यात आधी भरला. अक्षर ओळीच्या शेवटी इतकं बारीक झालं की मॅडमना भिंग लागेल. लागू दे. पाच ते सहा, असं लिहून मी पुढे लिहिलं, हात सुलोचनाने हलवला. मी नाही.